चव्वेचाळीस हजार शंभराचं घराणं

डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्राचं, म्हणजे चांगल्या प्रतीच्या डॅकचं, झाकण उघडलं की सर्किट बोर्डावर बहुधा पत्र्याच्या दोन चिमुकल्या डब्या शेजारीशेजारी दिसतात. एकीवर 22.5792 छापलेलं, दुसरीवर 24.5760. आत क्वार्ट्झचा स्फटिक, म्हणजे डॅकचं घड्याळ; आकडे मेगाहर्ट्झचे. 512ने भागलं तर एकीतून 44,100 निघतात, दुसरीतून 48,000. अठ्ठेचाळीस हजार समजू शकतो, पण 44,100 हा आकडा कुणी आपण होऊन निवडेल असा नाही. तरी सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे तेवढेच नमुने असतात. ही पीडा टीव्हीकडून आली.

कानाची मागणी मोघम होती. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले की गणित जमतं. वर गाळणीसाठी थोडी जागा हवी. बेचाळीस हजार चाललं असतं, पंचेचाळीसही चाललं असतं.

अडचण होती ती साठवायची. दोन वाहिन्या, सोळा बिट, म्हणजे सेकंदाला चौदा लाखांवर बिट. 1970च्या दशकात गाण्याच्या टेपला ते पेलणारं नव्हतं. पेलणारं यंत्र एकच हाताशी होतं, फिरत्या हेडचा व्हिडिओ रेकॉर्डर. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने साठच्या दशकाच्या अखेरीस ही वाट धरलीच होती आणि तिथले हेइतारो नाकाजिमा पुढे सोनीत आले. सोनीने जे पीसीएम अ‍ॅडॅप्टर बनवले, ते आवाजाच्या आकड्यांना टीव्हीच्या चित्राचं सोंग देत. ती टेप टीव्हीला जोडली तर पडदाभर काळेपांढरे ठिपके थरथरताना दिसत. रेकॉर्डर बिचारा तेही चित्रच समजून मुकाट्याने टिपून घेई.

आता सोंग चित्राचं, म्हणजे शिस्तही चित्राची. जपान-अमेरिकेच्या टीव्हीत सेकंदाला 60 अर्धचित्रं. प्रत्येकात 262.5 रेषा, त्यांतल्या 245 कामाला घेतल्या आणि रेषेमागे दर वाहिनीचे तीन नमुने बसवले. 245 गुणिले 60 गुणिले 3, झाले 44,100. युरोपात अर्धचित्रं 50, पण रेषा जास्त. त्यांतल्या 294 घेतल्या तर 294 गुणिले 50 गुणिले 3, पुन्हा 44,100! दोन खंडांचे टीव्ही एका आकड्यावर एकत्र आले, हे त्या आकड्याचं खरं भाग्य. गंमत अशी, की अमेरिकी रंगीत टीव्हीत अर्धचित्रं नेमकी 60 नसतात, 59.94 असतात. त्यामुळे सोनीचं घरगुती पीसीएम-एफ1 यंत्र 44,056 वर चालायचं.

सोनी आणि फिलिप्स सीडीचे नियम ठरवायला बसले तेव्हा वाद झाले ते तबकडीच्या व्यासावरून आणि बिटांवरून. मास्टर टेपा व्हिडिओच्या यू-मॅटिक कॅसेटवरच तयार होणार होत्या, म्हणून 44,100 सरळ आत आला. बिटांची गोष्ट मात्र रंगतदार आहे. फिलिप्सकडे टीडीए1540 हा 14 बिटांचा डॅक तयार होता, सोनी 16वर अडून बसली आणि जिंकली. फिलिप्सने तोच डॅक चौपट वेगाने, 1,76,400 वर पळवला, आकडेमोडीची चूक कानाच्या पल्ल्यापलीकडे ढकलली आणि 14 बिटांतून 16चं काम काढून घेतलं. माझ्या मते डॅकच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी हातचलाखी. उलट 1 ऑक्टोबर 1982ला जपानात विक्रीला आलेल्या सोनीच्या सीडीपी-101मध्ये डॅक होता 16 बिटांचा, पण दोन वाहिन्यांत मिळून एकच. तो आळीपाळीने दोघींचं काम करी, म्हणून एक वाहिनी दुसरीपेक्षा सुमारे 11 मायक्रोसेकंद मागे राही.

पुढे सीडी प्लेअर आणि डॅक वेगळे नांदू लागले, आणि घड्याळाचा खरा तंटा तिथे सुरू झाला. दोघांना जोडणाऱ्या एसपीडीआयएफच्या एकाच तारेतून आकडेही येतात आणि ठेकाही. डॅकला ठेका त्या सिग्नलमधून वेचून काढावा लागतो, आणि वेचताना तो किंचित लडखडतो. याला म्हणतात जिटर. 20,000 हर्ट्झच्या पूर्ण ताकदीच्या स्वरात 16 बिटांची अचूकता राखायची तर चूक साधारण 120 पिकोसेकंदांच्या आत हवी. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी 1992 साली हे दुखणं शोधनिबंधात नीट मांडलं. असिंक्रोनस यूएसबीने त्यावर साधा उपाय केला: घड्याळ डॅकमध्येच ठेवायचं आणि संगणकाने मागणीनुसार आकडे पाठवायचे.

तरी हौसेला मोल नाही. रुबिडियमची अणुघड्याळं हाय-फायसाठी विकली जातात. ती वर्षानुवर्षं अचूक चालतात हे खरं, पण डॅकला वर्षाशी देणंघेणं नाही, त्याला या नमुन्यापासून पुढच्या नमुन्यापर्यंतची स्थिरता हवी. शिवाय ही घड्याळं बहुधा 10 मेगाहर्ट्झ देतात, आणि 10 मेगाहर्ट्झला 44,100ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे डॅकला आत आणखी एक मंडल बसवून त्यातून स्वतःचा ठेका पुन्हा घडवावाच लागतो, आणि ते मंडल हलकं असेल तर ज्या जिटरसाठी पैसे मोजले, तो तिथूनच परत आत शिरतो.