खराटा, गाडगें आणि मोटारसायकल

अलीकडे दानधर्माचा एक नवा प्रकार रूढ होऊं लागला आहे. मोटारसायकलस्वारांचे ताफे गांवोगांव फिरतात आणि स्तनाच्या कर्करोगांतून बचावलेल्या स्त्रियांच्या साहाय्यार्थ निधि जमवितात. हा सारा परकी थाट आहे, असें म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. परंतु परोपकारासाठीं रस्ता धरणें वऱ्हाडास तरी नवें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कर्करोगानें एक पाय गेलेला कॅनडाचा टेरी फॉक्स 1980 सालीं कृत्रिम पायावर 143 दिवस धांवला, हें जगप्रसिद्ध आहे. त्यापूर्वीं पाऊणशें वर्षें, 1905 सालीं, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेला आणि अकोला जिल्ह्यांतील दापुऱ्यास मामाच्या घरीं वाढलेला डेबूजी खराटा व गाडगें घेऊन घराबाहेर पडला. तेच गाडगेबाबा. ज्या गांवीं जात, तें आधीं झाडीत, कीर्तन मागाहून. लोकांनीं दिलेल्या पैशांतून ऋणमोचनास घाट झाला, पंढरपुरास धर्मशाळा उभ्या राहिल्या; स्वतःसाठीं मात्र त्यांनीं कांहीं ठेविलें नाहीं. 20 डिसेंबर 1956 रोजीं अमरावतीच्या वाटेवर, वलगांवाजवळ, त्यांस मरण आलें तेंही मोटारींतच.

मुंबईचें टाटा रुग्णालय 1941 सालीं उघडलें. पण वऱ्हाडांतून तेथें जाणाऱ्या गरिबापुढें उपचाराइतकाच निवाऱ्याचा प्रश्न असे. बाबांच्या पश्चात् 1984 सालीं दादरला त्यांच्या नांवानें जी धर्मशाळा झाली, तिनें कर्करोग्यांस व त्यांच्या आप्तांस हा निवारा दिला. यावलीस जन्मलेले तुकडोजी महाराज 1968 सालीं याच व्याधीनें गेले. नागपूरचें कर्करोग रुग्णालय आज त्यांचें नांव धारण करितें.

तथापि या रोगांत दारिद्र्याइतकीच लज्जाहि घातक ठरते. छातींतली गांठ नवऱ्यापासून, सासूपासून, वैद्यापासूनहि लपविली जाते, आणि लपविण्यांत गेलेले महिने पुढें कोणत्याहि पैशानें परत मिळत नाहींत. टाटा रुग्णालयानें 1998 पासून मुंबईंतील सुमारें दीड लक्ष स्त्रियांमध्यें केलेली पाहणी 2021 सालीं प्रसिद्ध झाली. शिकविलेल्या स्त्री-कार्यकर्त्यांनीं दर दोन वर्षांनीं केवळ हातानें तपासणी केली असतां पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ 30 टक्क्यांनीं घटले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाहीं. म्हणजे महाग यंत्राआधीं पाहिजे ती आपुलकीनें दार ठोठावणारी बाई.

म्हणून या स्वारांस आमचें एवढेंच सांगणें आहे: ज्या शब्दाचा उच्चार घरांत होत नाहीं, तो तुम्ही भर रस्त्यांत उच्चारतां, ही सेवा लहान नव्हे. पण बाबा गांवांतून गेल्यावर गांव झाडलेलें राही. तुमच्या चाकांची धूळ खालीं बसल्यावर गांवांत काय उरतें, हें एकदां मागें वळून पाहावें.