रॉबर्ट स्ट्रेंजचे खोदचित्र आणि स्ट्यूअर्ट वारसाचा हक्क

मुद्रित व्यक्तिचित्र इतिहासाचे साधन म्हणून स्वीकारताना, ते व्यक्तीचे रूप सांगते की तिच्या वतीने मांडलेला हक्क सांगते, याचा निर्णय आधी करावा लागतो. राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्यूअर्ट याचे रॉबर्ट स्ट्रेंज याने १७४५ मध्ये ताम्रपट्टिकेवर कोरलेले चित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

१६८८ च्या क्रांतीत दुसऱ्या जेम्सचे सिंहासन गेले. त्याचा हा नातू ३१ डिसेंबर १७२० रोजी रोम येथे जन्मला. ज्या राज्याचा वारस म्हणून तो वाढला, ते वयाची चोवीस वर्षे उलटेपर्यंत त्याने पाहिलेही नव्हते. जुलै १७४५ मध्ये तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यास लागला. १७ सप्टेंबरला त्याने एडिंबरा नगरीत प्रवेश केला आणि चारच दिवसांनी प्रेस्टनपॅन्स येथे सरकारी सैन्याचा पराभव केला. होलीरूड राजवाड्यातील मुक्कामात अ‍ॅलन रॅम्झी याने त्याचे तैलचित्र काढले. स्ट्रेंजच्या खोदचित्राचा संबंध अभ्यासक याच तैलचित्राशी जोडतात.

तैलचित्र एका दालनात राहते. खोदचित्राच्या प्रती हातोहात जातात. ज्याच्या हाती टांकसाळ नाही, अशा वारसाला आपली मुद्रा लोकांपुढे नेण्यास पदकांप्रमाणेच कागदावरील छाप हे मोठे साधन होते.

परंतु या चित्रातील खरा युक्तिवाद चेहऱ्यात नसून अंडाकृती चौकटीखालील लॅटिन वचनात आहे. ते व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स' काव्याच्या पहिल्या सर्गाच्या अखेरीवरून घेतले आहे. यादवीने उलथून गेलेल्या युगाच्या साहाय्यास या तरुणाला येऊ द्यावे, त्यास प्रतिबंध करू नये, अशी तेथे देवतांची विनवणी आहे. तो तरुण म्हणजे पुढे ऑगस्टस झालेला ऑक्टेव्हियन होय. खोदचित्रात विनवणीचे क्रियापद गळले असून त्याच्या जागी 'धाडलेला' या अर्थाचे कर्मणि धातुसाधित आले आहे. परिणामी जी प्रार्थना होती, ती सिद्ध वस्तुस्थिती झाली. धाडणारा कोण, पिता की परमेश्वर, हे मात्र अनुक्तच राहते. 'तरुण' हा शब्दही वगळला आहे. त्याची पूर्ती चित्र स्वतःच करते.

लेखाला असे महत्त्व देणे अवाजवी नव्हे. ला तूर याने रंगविलेले एक चित्र एडिंबरा येथील राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहालयाने १९९४ मध्ये चार्ल्सचे म्हणून घेतले. पुढे ते त्याचा धाकटा बंधू हेन्री याचे असल्याचे दिसून आले. केवळ मुखावरून नाव ठरत नाही. उलट रॅम्झीचे तैलचित्र २०१४ मध्ये पुन्हा उजेडात आले, तेव्हा त्याच्या ओळखीस स्ट्रेंजच्या छापाचा आधार मिळाला.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडन येथे स्ट्यूअर्ट पक्षाचा निर्णायक पराभव झाला. त्या पक्षाच्या सैन्यात राहिलेल्या स्ट्रेंजला पुढे हॅनोव्हर घराण्याच्या तिसऱ्या जॉर्जने १७८७ मध्ये 'सर' ही पदवी दिली. त्याआधी त्याने बेंजामिन वेस्टच्या चित्रावरून त्या राजाच्या ऑक्टेव्हियस आणि अ‍ॅल्फ्रेड या दोन दिवंगत बालपुत्रांचे खोदचित्र केले होते. एकाच हाताने दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची मुले कोरली. यावरून असे म्हणता येते की, असले चित्र कोरणाऱ्याच्या कायम निष्ठेचा पुरावा नव्हे, आणि केवळ रूपाचाही नव्हे. ज्या क्षणी ते छापले गेले, त्या क्षणी कोणता हक्क कोणत्या शब्दांत मांडणे शक्य होते, याचा तो पुरावा होय.