पौराणिक दाखल्याची कुळकथा

जामखेडच्या बाजारपेठेत पक्ष बदललेल्या पुढाऱ्यास कोणी ‘बिभीषण’ म्हटले, की त्याच्या गोटातला एखादा तत्काळ ‘मग तुमचा नेता रावण, हे कबूल ना?’ असा उलट सवाल टाकतो आणि फिर्यादीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. राजकारणाला पुराणाचा दाखला जोडण्याची ही चाल अग्रलेखकारांनी खेड्यात आणलेली नसून खेड्यातून त्यांच्याकडे गेली, असे माझे मत आहे. हरिदासाने उत्तररंगात आख्यान लावताना चालू काळावर हळूच बोट ठेवावे, आणि तमाशाच्या गौळणीत, मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट अडवून दाण मागणाऱ्या कृष्णाच्या आडून पेंद्याने गावच्या जकातीची, कारकुनाची, प्रसंगी पाटलाचीही रेवडी उडवावी, हा रिवाज खेड्यात वर्तमानपत्र पोहोचण्यापूर्वीचा आहे. कथा सर्वांना मुखोद्गत असल्यामुळे नाव घेण्याची गरज पडत नसे, आणि नाव न घेतल्यामुळे जो रागावे तोच आपण होऊन उघडा पडे.

‘केसरी’तील टिळकांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी हीच युक्ती ‘कीचकवधा’त योजिली. १९०७ साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा सैरंध्रीचा छळ करणाऱ्या मदांध कीचकात प्रेक्षकांनी वंगभंग करून गेलेला लॉर्ड कर्झन ओळखला, सबुरीचा उपदेश करणाऱ्या कंकभटात मवाळ ओळखले आणि मुठी आवळणाऱ्या बल्लवात जहाल; संहितेत मात्र इंग्रजाचे नाव शोधूनही सापडेना. अखेर १९१० साली, नाट्यप्रयोगांविषयीच्या १८७६ च्या कायद्याखाली, बंदीचा हुकूम सुटला आणि कीचक कोण याची कबुली खुद्द सरकारनेच दिल्यासारखे झाले.

बखरींनीही या परंपरेत भर घातली, पण तिची वाटणी काहीशी अन्यायाची झाली. जामखेड तालुक्यातल्याच खर्ड्याजवळ ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामास नमविले. तरी अनामत जप्त झालेल्या उमेदवाराचे येथेही ‘पानिपत’च होते, निवडून आलेल्याने ‘खर्डा’ जिंकल्याचे ऐकिवात नाही. पानिपताला ‘भाऊसाहेबांची बखर’ लाभली, हे त्याचे एक कारण असावे.

हल्लीच्या राजकीय लिखाणात मात्र शकुनी, धृतराष्ट्र आणि चक्रव्यूह यांपलीकडे लेखणी सहसा जात नाही. महाभारताची पर्वे अठरा आहेत. संपादक महाशयांनी पुढल्या निवडणुकीपूर्वी निदान विराटपर्व तरी पुन्हा चाळावे.