ओझ्याच्या सायकलची कुळकथा

सायकलचा इतिहास सांगणारे बहुतेक जण जर्मनीतून निघतात. १८१७ साली कार्ल फॉन ड्राइसने पायांनी रेटत चालवायचे दोन चाकांचे लाकडी यंत्र काढले. पुढे फ्रान्समध्ये त्याला पायडल लागले. १८८५ साली कॉव्हेन्ट्रीत जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ बनवली, आणि आपण आज सायकल म्हणतो ती वस्तू उभी राहिली. हा इतिहास खरा आहे, पण तो माणसाला वाहून नेणाऱ्या सायकलचा आहे. मोंढ्यातून ज्वारीचा कट्टा, तेलाचा डबा आणि महिन्याचा किराणा घरी आणणाऱ्या सायकलचे कूळ शोधायला गेले, तर एक शाखा कॉव्हेन्ट्रीला जाते. दुसरी शाखा, आणि माझ्या मते थोरली, जालना जिल्ह्यातच सापडते.

त्यासाठी असईला जावे लागते. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. लढाईचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. वेलस्लीची त्या काळातली पत्रे पाहिली तर मात्र त्याला तोफांइतकीच काळजी बैलांची होती असे दिसते. दख्खनमध्ये फौज पोसायची म्हणजे धान्य हलवायला हवे. ते हलवत होते बंजारा तांडे, शेकडो-हजारो बैलांच्या पाठीवर. गाडी नव्हे, पाठ. कारण गाडीला रस्ता लागतो आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाडीचे चाक आसापर्यंत रुतते.

बैलाच्या पाठीवर असे ती गोणी. मधोमध पाठीवर टेकणारी आणि दोन्ही अंगांना सारखी लोंबणारी. गोणी भरण्याचे नियम साधे होते, पण चुकवायची सोय नव्हती: दोन्हीकडचे वजन सारखे, ओझे पाठीला लगटून, जितके खाली बसवता येईल तितके खाली, आणि बांधणी अशी की चालताना हलू नये. एक बाजू जड झाली की गोणी घसरणार आणि बैलाची पाठ सोलून निघणार. हे चार नियम लक्षात ठेवावेत. सायकलवर ओझे लादणारा माणूस आजही हेच चार नियम पाळतो, आणि ते त्याला कोणत्याही कारखान्याने शिकवलेले नाहीत.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे जालन्यातून गेली. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारामुळे गाव वाढले. लांबचा माल रेल्वेने जाऊ लागला आणि तांड्यांचा धंदा बसला. पण स्टेशनापासून मोंढा, मोंढ्यापासून पेठ, पेठेपासून घर हे अंतर कोणी कापायचे? बैलगाडी मोठ्या मालाला ठीक. दीड-दोन मण ओझ्यासाठी गाडी जुंपणे परवडत नाही आणि डोक्यावर तेवढे पेलत नाही. ही मधली जागा बराच काळ डोक्यावरच्या पाटीने आणि हमालाच्या पाठीने भरून काढली.

सायकल या भागात आली ती साहेबाची, डॉक्टरची, वकिलाची म्हणून. निजामाच्या राज्यातच काय, सगळ्या हिंदुस्थानात तेव्हा सायकली बहुतेक इंग्लंडहून येत: रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर. ती सामान्य माणसाच्या दारात आली स्वातंत्र्यानंतर. मराठवाडा सप्टेंबर १९४८ मध्ये मुक्त झाला, आणि पुढच्या आठ वर्षांत देशातले मोठे कारखाने एकामागून एक उभे राहिले: मद्रासजवळ टीआय, सोनिपतला ॲटलस, आसनसोलला सेन-रॅले, आणि १९५६ मध्ये लुधियान्याला मुंजाल बंधूंची हीरो.

या सगळ्यांनी बनवली ती इंग्लिश रोडस्टरच. अठ्ठावीस इंची चाके, काळा रंग, सळईचे ब्रेक, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक. स्पोकांची ही वाटणी पुढे ओझ्याला उपयोगी पडली, कारण बसणाऱ्याचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते हे इंग्लिश कारागिरांनी ओळखले होते. पण त्यांनी मागे लावलेले कॅरिअर होते बारीक सळईचे, वर स्प्रिंगचा चाप. चार पुस्तके, जेवणाचा डबा, फार तर एखादे माणूस. त्यावर ज्वारीचा कट्टा ठेवला की चाप निकामी होई आणि सळया मडगार्डवर बसत.

इथून पुढचे काम कारखान्याचे नाही, गल्लीतल्या वेल्डरचे आहे. त्याने काय केले ते नीट पाहावे, कारण ते कुठे लिहून ठेवलेले नाही. त्याने चाप काढून टाकला. जाड सळई वाकवून लांब-रुंद चौकट केली. त्या चौकटीचे पाय थेट मागच्या चाकाच्या आसाशी आणून नटाखाली आवळले. यात सगळे मर्म आहे. ओझे आता सीटच्या नळीवर किंवा मडगार्डवर टांगलेले राहिले नाही. ते सरळ आसावर, आसावरून चाकावर आणि चाकावरून जमिनीवर उतरले. मग त्याने चौकटीच्या दोन्ही बाजूंना आकडे काढले. त्या आकड्यांना दुधाच्या किटल्या लागल्या, पाण्याचे कॅन लागले, गॅसच्या टाक्या लागल्या. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडासकट ती ३० किलोच्या आसपास जाते. अशा दोन टाक्या दोन बाजूंना अडकवून चाललेली सायकल पाहिली की गोणी घातलेला बैल ओळखायला वेळ लागत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांनीही डबे सायकलला असेच दोन्ही अंगांनी टांगले.

बांधायला दोरी होतीच, पण सुतळी प्रवासात सैल पडते. त्यावरचा तोडगा पंक्चरच्या दुकानातून आला: जुन्या ट्यूबची लांब कापलेली पट्टी. रबर ताणून बांधले की ते ओझ्याला सतत आवळत राहते, खड्ड्यात ओझे दबले तरी पकड सुटत नाही. बाहेरच्या देशांत याच कामासाठी आकड्यांचे लवचीक पट्टे विकत मिळतात. आपल्याकडे ती पट्टी जवळजवळ फुकट मिळाली.

तिसरी गोष्ट स्टँडची. मागचे चाक जमिनीवरून उचलून धरणारे रुंद पायांचे स्टँड नसते, तर एकट्या माणसाला सायकलवर पोते चढवताच आले नसते. एका पायाच्या तिरक्या स्टँडवर ओझे लादू गेले की सायकल आडवी होते. भरलेली सायकल स्टँडवरून खाली घ्यायचा क्षण सगळ्यांत अवघड. एक हात हॅण्डलवर, दुसरा ओझ्याखाली, आणि एकच पुढे हिसका.

त्यानंतर तो माणूस बरेचदा सायकलवर बसतच नाही. वजन फार मागे गेले की पुढचे चाक हलके होऊन हॅण्डल भिरभिरते, म्हणून एक पोते चौकटीच्या पोटात, दांड्याखालून आडवे सारतात. मग पायडल मारायला जागा उरत नाही. तो शेजारून चालतो. उतारावर तर चालावेच लागते, सळईचे ब्रेक क्विंटलभर वजन आवरू शकत नाहीत. चालत न्यायची तर सायकल कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की डोक्यावर ३० किलो नेताना जीव मेटाकुटीला येतो, आणि तोच माणूस सायकलवर त्याच्या तिप्पट ओझे ढकलत नेतो. वजन चाक पेलते, माणसाने फक्त तोल सांभाळायचा आणि पुढे रेटायचे. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी याच रीतीने डोंगरातून धान्य आणि दारूगोळा पोचवला. हॅण्डलला बांबू बांधून लांबवायचा, सीटमागे दुसरा बांबू उभा करायचा आणि एकेका सायकलवर २०० किलोंच्या पुढे माल ढकलत न्यायचा. तिकडे त्याला युद्धकौशल्य म्हटले गेले. आपल्याकडे तेच करणाऱ्याला कोणी कारागीरही म्हटले नाही, याची मला खंत वाटते.

टोपलीचे कूळ वेगळे आहे. हॅण्डलपुढची तारेची टोपली आली ती लेडीज सायकलबरोबर, आणि खेड्यापाड्यांत ती पसरली मुलींच्या शाळेमुळे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि त्यात जालना जिल्हा सुरुवातीपासून आहे. सकाळी त्या टोपलीत दप्तर असते आणि परतताना भाजी, औषध, दळण. जोडगाडी, म्हणजे सायकलमागे ओढायची दोन चाकांची गाडी, मात्र इकडे रुजली नाही. डेन्मार्क-हॉलंडमध्ये मालवाहू सायकलींची मोठी परंपरा आहे, पण तिथले रस्ते सपाट आणि गुळगुळीत. आपल्याकडे पाणंदीच्या चाकोरीत एक चाक निघते, तीन अडकतात. शहरात जोडगाडीचे काम हातगाडीने केले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षा हलकी करून तिला गिअर लावण्याचे मोलाचे काम केले. तसे लक्ष ओझ्याच्या साध्या सायकलकडे फारसे कुणी दिले नाही. आफ्रिकेसाठी २००५ नंतर ‘बफेलो’ नावाची सायकल तयार झाली, तिचे कॅरिअर १०० किलो पेलेल असे मुद्दाम आखलेले आहे. आपल्या वेल्डरांचे हिशेब त्याच्या फार आधीपासून तिथेच पोचले होते.

या सायकलची खरी परीक्षा पाहिली २०१२-१३च्या दुष्काळाने. जालना जिल्हा तेव्हा राज्यात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. टँकरची वाट पाहणाऱ्या रांगांत सायकली उभ्या असत, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आणि हॅण्डलला प्लॅस्टिकचे कॅन. पाणी हे सायकलवरचे सगळ्यांत अवघड ओझे. लिटरला किलो, आणि अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये ते डुचमळून तोल घालवते. म्हणून कॅन काठोकाठ भरायचे आणि बूच घट्ट लावायचे, हे लहान पोरांनाही ठाऊक झाले होते.

या कुळाला एक धाकटी पातीही आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी पोती लादलेली सायकल चढावर ढकलत नेणारा माणूस पाहिला, आणि एवढे ओझे चाकावर सहज जाते तर कोळपे का जाणार नाही, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी सायकलचे पुढचे चाक, चिमटा आणि हॅण्डल घेऊन मागे कोळप्याची पास बसवली. बैल नसलेल्या शेतकऱ्याचे ते अवजार झाले. आज मराठवाड्यातल्या कपाशी-सोयाबीनच्या ओळींतून सायकल कोळपे सर्रास चालते. बैलाच्या पाठीवरून सायकलवर आलेली विद्या अशी पुन्हा बैलाच्याच कामावर गेली.

ओझे पुढे सायकलवरून हळूहळू उतरले. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली, आणि दूधवाला, भाजीवाला तिच्यावर गेला. तीच लुना २०२४ मध्ये विजेवर परत आली आहे. जुन्या सायकली भंगारात निघाल्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतल्या भट्ट्या भंगारच वितळवतात आणि त्यातून बांधकामाच्या सळया निघतात. भंगार गोळा करणारा मात्र अजून पुष्कळदा सायकलवरच येतो.

आज दुकानात नवी सायकल पाहायला गेले तर गिअर मिळतात, शॉक-ॲब्सॉर्बर मिळतात, पण कॅरिअर नसते, मडगार्ड नसते, स्टँड एका पायाचे असते. शाळकरी मुलगा ती घेतो आणि दोन किलो साखर आणायला बापाला मोटारसायकल काढावी लागते. पेठेपर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरसाठी पेट्रोल जाळणे ही आपण ओढवून घेतलेली गरज आहे. म्हणून वाचकांना एवढेच सांगायचे आहे: सायकल घ्याल तेव्हा दुकानदाराकडे आसावर बसणारे जाड कॅरिअर आणि दोन पायांचे स्टँड हट्टाने मागा. त्याने नाही म्हटले, तर जवळच्या वेल्डरकडे जा. त्याला माप सांगावे लागणार नाही.