एकोणचाळीस तास, बारा मिनिटं

७ ऑगस्ट १९६३, सकाळी अकराच्या सुमारास

अमेरिकेच्या केप कॉड किनाऱ्यावर जॅकलिन केनेडी मुलांना घोडेस्वारीला घेऊन गेल्या होत्या. तिथंच पोटात दुखू लागलं. दिवस भरायला अजून साडेपाच आठवडे होते. त्यांचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. जॉन वॉल्श जवळच होते. हेलिकॉप्टरनं त्यांना ओटिस हवाई तळाच्या रुग्णालयात नेलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हलवायचंच तर आईच्या पोटात असतानाच हलवावं, असं आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. त्या दिवशी तेवढी उसंत मिळाली नाही.

दुपारी १२.५२. उरले ३९ तास १२ मिनिटं

सिझेरियन झालं. मुलगा, वजन साधारण २ किलो १०० ग्रॅम. आपल्याकडच्या प्रसूतिगृहात आज हे वजन ऐकून कुणी दचकणार नाही. पण श्वास नीट चालेना. तळावरच्या धर्मगुरूंनी घाईनं बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवलं पॅट्रिक. वडील, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी, वॉशिंग्टनहून विमानानं निघाले होते.

दुपार. उरले सुमारे ३६ तास

आता नवजात बाळांचा डॉक्टर हवा होता. पण असा डॉक्टर म्हणजे नेमका कोण? ‘निओनॅटॉलॉजी’ हा शब्द अलेक्झांडर शॅफर यांनी १९६० साली पाठ्यपुस्तकात वापरला, त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. या शाखेची स्वतंत्र परीक्षा अमेरिकेत सुरू झाली ती १९७५ साली. म्हणजे दारावरची पाटी वाचून तज्ज्ञ शोधायची सोय नव्हती, त्यासाठी माणूसच माहीत असावा लागे. बोस्टनच्या डॉ. जेम्स ड्रॉरबॉ यांना बोलावलं गेलं. इवल्या बाळाचा श्वास मोजायची पद्धत १९५५ साली ज्या दोघांनी मांडली, त्यांतले ते एक. याहून योग्य माणूस त्या भागात क्वचितच सापडला असता. त्यांनी पाहिलं आणि बाळाला बोस्टनला हलवायचं ठरलं.

संध्याकाळी सहाच्या आसपास. उरले ३४ तास

निघण्यापूर्वी वडिलांनी बाळाची पेटी आईच्या खोलीत नेली. आईनं त्याला स्पर्श केला. मग रुग्णवाहिका निघाली. सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता, पुढे पोलिसांच्या गाड्या.

८ ऑगस्ट, दिवसभर

बोस्टनच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये निदानाबद्दल शंका उरली नव्हती. हायलाइन मेंब्रेनचा आजार. फुप्फुसातल्या सूक्ष्म पिशव्या आतून एका निसरड्या द्रवानं माखलेल्या असतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. मग प्रत्येक उच्छ्वासाला पिशव्या मिटतात आणि पुढच्या श्वासाला त्या नव्यानं उघडाव्या लागतात. नवा फुगा फुगवताना पहिल्या फुंकेला किती जोर लागतो, ते आठवा. या बाळांना प्रत्येक श्वास तसा घ्यावा लागतो. म्हणून नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमध्ये खड्डे पडतात, बाळ कण्हतं. हे कण्हणं वेदनेचं नसतं. हवा सगळी निसटू नये म्हणून बाळ आपला गळा आवळून धरत असतं. एका दिवसाच्या जिवाला हे कुणी शिकवलेलं नसतं!

हा द्रव कमी पडतो म्हणून हे घडतं, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिलं होतं, तेही याच बोस्टनमध्ये. कारण माहीत होतं, तज्ज्ञ उशाशी होता. हातात औषध तेवढं नव्हतं.

८ ऑगस्ट, संध्याकाळ. उरले अकरा तास

बाळाला पोलादी कोठीत ठेवलं. हवेचा दाब वाढवून रक्तात प्राणवायू ढकलायचा प्रयत्न. इथं मी दर वेळी थांबते. कोठीतला दाब बाळाच्या अंगाला सगळीकडून सारखाच होता. पिशव्या उघड्या राहायला तो दाब फुप्फुसाच्या आत, सतत, हलकेच लागतो. बाळ कण्हून जे करू पाहतं तेच. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ साली ते साध्या नळीनं करून दाखवलं. त्यालाच आज आपले डॉक्टर सीपॅप म्हणतात. जपानच्या फुजिवारा यांनी १९८० साली तो द्रवच बाळाच्या फुप्फुसात सोडला. प्रसूतीआधी आईला द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन १९७२चं. पण त्याला परिणाम दाखवायला तास लागतात. कळा सुरू झाल्यापासून दोनेक तासांत झालेल्या या सिझेरियनमध्ये ते फारसं पुरलंही नसतं.

९ ऑगस्ट, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास. उरले दोन तास

वडील रुग्णालयातच झोपले होते. त्यांना उठवलं. जाताना एका खोलीत भाजलेलं मूल दिसलं, तेव्हा त्यांनी कागद मागून त्याच्या आईला दोन ओळी लिहिल्या, असं त्यांचे सहकारी डेव्ह पॉवर्स यांनी पुढे सांगितलं आहे. शेवटी पॅट्रिकला कोठीतून बाहेर आणलं. वडिलांनी त्याची बोटं धरली.

पहाटे ४.०४

आई अजून ओटिसमध्येच होती. तिला ही बातमी डॉ. वॉल्श यांनी दिली. दहा तारखेला बोस्टनमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हाही ती त्या खोलीतच, टाक्यांनिशी पडून होती.