लाखेपासून गिटारपर्यंत

साजगावच्या कार्तिकी यात्रेत वारकऱ्याच्या गळ्यातील वीणा चमकताना आपण पाहतो. मिरजेत १९व्या शतकापासून तंतुवाद्ये घडतात. त्यांची पारंपरिक चकाकी लाखेची, म्हणजे किड्याचा स्राव स्पिरिटमध्ये विरघळवून दिलेली. १९२०च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. १९५०च्या दशकात मोटारींचे असे रंग इलेक्ट्रिक गिटारवरही चढले.

हे दोन्ही लेप द्रावक उडून गेल्याने वाळतात. रेणूंचे जाळे विणले जात नाही. म्हणूनच योग्य द्रावक लागताच ते पुन्हा विरघळतात. स्पिरिटने लाख निघते. स्टँडच्या रबरातील मृदुकारी द्रव्याने गिटारचा लेप चिकट होतो. नंतरच्या पॉलियुरेथेनमध्ये मात्र जाळे असते.

शाळेतील जुना तंबोरा मऊ, कोरड्या फडक्यानेच पुसावा, असे आम्ही सुचवतो. स्पिरिटचा एक बोळा कारागिराची कित्येक दिवसांची मेहनत पुसून टाकील.