चाहत्यांना आवरायचं कुणी? फुटबॉल क्लबचे मालक आणि प्रेक्षक यांच्यातला चाळीस वर्षांचा वाद

रानडुकरांपासून पीक वाचवायला आपल्याकडे शेतकरी शेताभोवती झटका मशीनची तार ओढतात. १९८५ साली लंडनमधल्या चेल्सी या फुटबॉल क्लबच्या मालकानं अशीच तार चक्क स्टेडियममध्ये ओढली. ती जनावरांसाठी नव्हती, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसाठी होती.

या मालकाचं नाव केन बेट्स. त्यांनी १९८२ साली कर्जात बुडालेला हा क्लब अवघ्या १ पौंडाला विकत घेतला होता. मार्च १९८५ मध्ये चेल्सी विरुद्ध संडरलंड या सामन्यात प्रेक्षक मैदानात घुसले, मोठा गोंधळ झाला. त्यानंतर बेट्स यांनी मैदानाभोवती विजेचं कुंपण उभारलं. लंडनच्या महापालिकेनं मात्र त्यात वीज सोडायला परवानगी नाकारली, त्यामुळे ते कधीच सुरू झालं नाही. पण त्यातून निघालेला प्रश्न आजही सुटलेला नाही: प्रेक्षक बेशिस्त वागले, तर शिक्षा कुणाला व्हावी? ज्यानं गुन्हा केला त्याला, सगळ्या चाहत्यांना, की क्लबला?

१९८५ मध्ये नेमकं काय झालं होतं?

ब्रिटिश फुटबॉलसाठी ते वर्ष सगळ्यात वाईट ठरलं. १३ मार्चला लूटन टाऊनच्या मैदानावर मिलवॉल क्लबच्या समर्थकांनी दंगल केली. खुर्च्या उपटून फेकल्या, पोलिसांवर हल्ले केले. ११ मे रोजी ब्रॅडफर्डमध्ये जुन्या लाकडी स्टँडला आग लागली आणि ५६ जणांचा जीव गेला. २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चाल केली. पळापळीत भिंत कोसळली, ३९ लोक मेले. त्यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांमधून ५ वर्षं हद्दपार करण्यात आलं. लिव्हरपूलला ६ वर्षं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ब्रॅडफर्डची दुर्घटना हुल्लडबाजीमुळे झाली नव्हती. स्टँडखाली वर्षानुवर्षं साचलेला कचरा पेटला होता. त्या स्टँडसमोर उंच कुंपण नव्हतं, म्हणून शेकडो लोक मैदानात उड्या मारून वाचू शकले. म्हणजे प्रेक्षकांना अडवणारं कुंपण त्यांचाच जीव घेऊ शकतं, हे तेव्हाच दिसलं होतं. पण त्या काळात सरकार आणि बहुतेक मालकांच्या डोक्यात एकच विषय होता: गुंडगिरी.

लूटनचा प्रयोग काय होता?

लूटनचे अध्यक्ष डेव्हिड एव्हन्स यांनी दंगलीनंतर थेट टोकाचा निर्णय घेतला. १९८६-८७ च्या हंगामापासून पाहुण्या संघाच्या समर्थकांना मैदानात प्रवेशच बंद केला. आत यायचं तर क्लबचं सदस्य कार्ड हवं. पुढे खासदार झालेले एव्हन्स पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या पक्षाचे, आणि सरकारलाही ही कल्पना आवडली होती.

याची किंमतही मोजावी लागली. पाहुण्या प्रेक्षकांना घेत नाही म्हणून लूटनला त्या हंगामात लीग कपमधून बाहेर काढलं गेलं. मैदानावर शांतता आली हे खरं. पण आपल्या संघामागे गावोगाव फिरणाऱ्या हजारो साध्या चाहत्यांचा सवाल होता, की मिलवॉलच्या काही जणांनी केलेल्या दंगलीची शिक्षा आम्हाला का? ही बंदी ४ हंगाम टिकली.

सरकारला मात्र हाच नमुना देशभर न्यायचा होता. १९८९ च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्यात प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र सक्तीचं करण्याची तरतूद झाली. या योजनेविरोधात चाहते संघटित झाले. फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन ही संघटना १९८५ साली, हायझेलनंतर, लिव्हरपूलमध्येच स्थापन झाली होती. आमच्याबद्दल सगळे बोलतात, पण आमच्याशी कुणी बोलत नाही, ही तिची मूळ तक्रार.

हिल्सबरोनं चित्र कसं बदललं?

१५ एप्रिल १९८९. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठं दार उघडलं. आत शिरलेली गर्दी मधल्या, आधीच खच्चून भरलेल्या कप्प्यांकडे गेली. त्या कप्प्यांना तिन्ही बाजूंनी कुंपण होतं आणि मागून लोक येतच होते. पुढचे लोक जाळीवर चिरडले गेले. या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या आज ९७ आहे. शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू त्या दिवशीच्या जखमांमुळे २०२१ मध्ये झाला.

पोलीस अधिकाऱ्यानं तेव्हा सांगितलं, की चाहत्यांनीच दार तोडलं. ते खोटं होतं. काही वर्तमानपत्रांनी दारूड्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापल्याच्या बातम्या छापल्या. त्याही खोट्या होत्या. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं दाखवून दिलं, की पोलिसांच्या १६४ जबाबांमध्ये फेरफार झाले होते आणि त्यातल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीचे ठरणारे उल्लेख काढून टाकले होते. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्रही कित्येक वर्षं अद्ययावत केलेलं नव्हतं. अखेर २०१६ मध्ये ज्युरीनं निकाल दिला: हे मृत्यू बेकायदेशीर कृतीमुळे झाले आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात काहीही वाटा नव्हता. हे ऐकायला कुटुंबांना २७ वर्षं थांबावं लागलं.

चाहते आणि मालक यांच्यातला अविश्वास समजून घ्यायचा असेल, तर हा इतिहास माहीत हवा. ‘गर्दी बेशिस्त होती’ हे वाक्य इंग्लंडमधला चाहता आजही सहजासहजी मान्य करत नाही. त्यामागे हे कारण आहे.

मग कुंपणं गेली का?

गेली. न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. त्यात ७६ शिफारशी होत्या. त्यांनी ओळखपत्राच्या योजनेला विरोध केला आणि सरकारनं ती गुंडाळली. वरच्या दोन विभागांतल्या क्लबांनी १९९४ पर्यंत उभं राहून सामना बघायच्या जागा काढून सगळीकडे खुर्च्या बसवाव्यात, असं ठरलं.

यामुळे मैदानं सुरक्षित झाली, पण वादाचं रूप बदललं. जागा कमी झाल्या, तिकिटं महागली. शिवाय बसून गाणी कशी म्हणायची? गोलमागच्या स्टँडमधले चाहते खुर्च्या असूनही उभेच राहायचे. मग क्लबचे कर्मचारी त्यांना बसवायचे, इशारे द्यायचे, कधी बाहेर काढायचे. मालकांच्या दृष्टीनं हा परवान्याच्या अटींचा भाग होता, चाहत्यांच्या दृष्टीनं संस्कृतीचा. हा वाद जवळपास ३० वर्षं चालला. जानेवारी २०२२ मध्ये चेल्सीसह ५ क्लबांत रेलिंग असलेल्या उभ्या जागांची चाचणी झाली आणि २०२२-२३ च्या हंगामापासून अशा जागांना रीतसर परवानगी मिळाली.

दारूचा नियम मात्र तसाच आहे. १९८५ च्या कायद्यानुसार मैदान दिसेल अशा जागी बसून फुटबॉल प्रेक्षकाला बिअर पिता येत नाही. त्याच देशात क्रिकेट किंवा रग्बीचा प्रेक्षक मात्र खुशाल पिऊ शकतो. आम्हालाच संशयित का धरता, हा चाहत्यांचा प्रश्न इथूनही येतो.

मालकांची बाजू काय?

ती समजायला युरोपियन फुटबॉल संघटना, म्हणजे युएफाचा एक नियम बघा. प्रेक्षकांनी फटाके फोडले, वस्तू फेकल्या किंवा राजकीय फलक झळकावले, तर क्लबची चूक असो वा नसो, दंड क्लबलाच होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या चाहत्यांनी चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात पॅलेस्टाईनचे झेंडे फडकवले. युएफानं क्लबला १७,५०० युरोंचा दंड केला. दरम्यान क्लबनं ‘ग्रीन ब्रिगेड’ या चाहत्यांच्या गटाची हंगामी तिकिटं स्थगित केली. त्यासाठी आतषबाजी आणि सुरक्षेचे नियम मोडल्याची कारणंही दिली. राजकीय मत मांडलं म्हणून आम्हाला बाहेर काढलं, असं गटाचं म्हणणं होतं.

दुसरा खर्च बंदोबस्ताचा. जर्मनीतल्या ब्रेमेन राज्यानं २०१५ मधल्या एका तणावाच्या सामन्यानंतर जादा पोलीस बंदोबस्ताचं ४ लाख युरोंहून मोठं बिल थेट लीगला पाठवलं. खटला बरीच वर्षं चालला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं असं शुल्क घेणं वैध ठरवलं. आयपीएल सामन्यांच्या बंदोबस्ताच्या थकीत शुल्कावरून मुंबईत झालेला वाद तुम्हाला आठवत असेल. प्रश्न तोच आहे: नफा खासगी असेल, तर बंदोबस्ताचा खर्च जनतेनं का करायचा?

त्यामुळे मालकांचा कल सोप्या उपायाकडे असतो. इंग्लंडमध्ये न्यायालय दोषी व्यक्तीवर ३ ते १० वर्षांची मैदानबंदी घालू शकतं, पण त्यासाठी पुरावे लागतात. क्लबनं स्वतःच्या अधिकारात घातलेल्या बंदीला खटल्याची गरज नसते. जागा त्यांची, तिकीट त्यांचं. तक्रारदारही क्लब आणि निवाडा करणाराही क्लबच, हा चाहत्यांचा आक्षेप आहे.

जर्मनीत चाहते जास्त आक्रमक का आहेत?

कारण तिथे त्यांच्याकडे मतं आहेत. जर्मनीत ‘५०+१’ हा नियम आहे. म्हणजे काही अपवाद सोडले, तर क्लबच्या मतदानाचं बहुमत सदस्यांच्या हातातच राहतं, गुंतवणूकदार कितीही मोठा असो. २०१२ मध्ये लीगनं सुरक्षेचे कडक नियम आणायचं ठरवलं, तेव्हा देशभरातल्या चाहत्यांनी सामन्याची पहिली १२ मिनिटं आणि १२ सेकंद चिडीचूप राहून निषेध केला. कारण निर्णयाची तारीख होती १२ डिसेंबर. नियम शेवटी मंजूर झाले, पण प्रेक्षक गप्प बसले तर स्टेडियम कसं भकास वाटतं, हे सगळ्यांनी ऐकलं.

सगळ्यात गाजलेला वाद हॉफनहाइमचा. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक डिटमार हॉप यांनी आपल्या पैशांवर हा गावातला क्लब २००८ मध्ये सर्वोच्च लीगपर्यंत नेला. इतर क्लबांचे चाहते त्यांना या नियमाला सुरुंग लावणारे म्हणून शिव्या देत. २०११ मध्ये तर डॉर्टमुंडच्या चाहत्यांच्या घोषणा दाबायला क्लबच्या एका कर्मचाऱ्यानं कर्कश आवाजाचं यंत्र लावल्याचं उघड झालं.

फेब्रुवारी २०२० मध्ये डॉर्टमुंडच्या चाहत्यांवर हॉफनहाइममध्ये येण्यास २ हंगामांची बंदी आली. आधी अशी सामूहिक शिक्षा करणार नाही, असं महासंघानं सांगितलं होतं. म्हणून इतर क्लबांचे चाहतेही चिडले. २९ फेब्रुवारीला बायर्न म्युनिकच्या चाहत्यांनी हॉप यांना शिवी देणारे फलक लावले. सामना दोनदा थांबला. बायर्न ६-० नं पुढे असताना दोन्ही संघांनी शेवटची १३ मिनिटं एकमेकांना नुसते पास देत काढली. त्याच महिन्यात एका कृष्णवर्णीय खेळाडूला वर्णद्वेषी शेरेबाजी सहन करावी लागली होती आणि तेव्हा सामना थांबला नव्हता. अब्जाधीशाचा अपमान झाला की खेळ थांबतो, खेळाडूचा झाला की नाही, अशी टीका झाली. शिवीगाळीचं समर्थन होऊ शकत नाही. पण नियम सगळ्यांना सारखा नसेल तर त्याचा धाक राहत नाही. हॉप यांनी २०२३ मध्ये मतांचं बहुमत क्लबच्या सदस्यांना परत दिलं.

याचा भारताशी काय संबंध?

१६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा जीव गेला. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत आयपीएल विजयाच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण मरण पावले. नंतर फ्रँचायझी, क्रिकेट संघटना, पोलीस आणि सरकार यांच्यात जबाबदारीची टोलवाटोलवी सुरू झाली.

कोल्हापूरचं चित्र वेगळं आहे. तिथल्या तालीम मंडळांच्या संघांना कुणी अब्जाधीश मालक नाही. पेठेतलीच माणसं संघ चालवतात आणि पेठेतलीच माणसं शाहू स्टेडियममध्ये ओरडायला येतात. तरीही तिथे समर्थकांमध्ये हुल्लडबाजी झालेली आहे. म्हणजे मालक नसला की प्रश्न संपतो असं नाही. फक्त समज द्यायला ओळखीचं माणूस सापडतं.

उपाय काय दिसतो?

ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा झाला. त्यानुसार स्वतंत्र नियामक आला आणि क्लबांना महत्त्वाच्या विषयांवर चाहत्यांशी सल्लामसलत करणं बंधनकारक झालं. यातून भांडणं थांबतीलच असं नाही. पण चाळीस वर्षांच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. शिक्षा व्यक्तीला द्यावी, स्टँडला नाही. बंदी घालताना पुरावा आणि अपिलाची सोय असावी. चाहत्यांच्या संघटनांनीही दगड मारणाऱ्याला पाठीशी घालू नये. आणि गर्दीत काही वाईट घडलं, तर लोक कसे वागले हे विचारण्याआधी दारं किती होती, ती उघडी होती का आणि आत किती माणसं सोडली, हे विचारावं.